आईगं सावित्रा

लोणावळा
ता. ७ नोव्हेंबर १९७७

सावित्रामावशीस गेणूचा नमस्कार.

तुझा कोंडू वाडीत सगळ्यांना सांगत फिरतो की गेणू लोणावळ्याला उंदीर सांभाळतो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. तुला कोणी विचारलं तर नीट सांगता यावं म्हणून सगळं लिहितो. कमळावहिनींनी सावकाश वाचून दाखवावं.

तुंगार्लीच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात आमचं संशोधन केंद्र आहे. इथे नवीन औषधं तपासली जातात. पांढरे उंदीर सांभाळायचे, पिंजरे धुवायचे, बाटल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लिहून चिकटवायच्या, ही माझी कामं. नववीत शाळा सुटली तेव्हा वाटलं होतं की माझं अक्षर आता फुकट गेलं. इथे माझ्या चिठ्ठ्या कोणाला पुन्हा लिहाव्या लागत नाहीत.

आमच्या प्रमुख डॉक्टरबाई सध्या एका औषधामागे लागल्या आहेत. त्याला अजून नाव नाही, नुसता क्रमांक आहे, चारशे सतरा. ते दुखणं थांबवणारं औषध आहे. तसं अफूपासून केलेलं मॉर्फीन पूर्वीपासून आहेच. आपल्या मज्जातंतूंवर काही ठरावीक जागा असतात. मॉर्फीन तिथे जाऊन बसतं आणि दुखणं कळेनासं होतं. पण या जागा सगळ्या एका जातीच्या नाहीत, असं अलीकडे शास्त्रज्ञांच्या ध्यानात येऊ लागलं आहे. बाईंनी मला विचारलं, "तुझे वडील काय करत होते?" मी म्हटलं, रेल्वेत सांधेवाले होते, केबिनमधून रूळ बदलायचे, बेगडेवाडीला. तर म्हणाल्या, "मग तुला लगेच समजेल. केबिनमध्ये दांड्यांची रांग असते ना? मॉर्फीन आत शिरतं आणि सगळे दांडे एकदम ओढतं. दुखणं थांबतं, पण श्वास मंदावतो, पोट बांधलं जातं, पुढे सवय लागते. चारशे सतराने फक्त दुखण्याचा दांडा ओढावा, बाकीच्यांना हात लावू नये, एवढीच आमची खटपट आहे."

मावशी, बाबा शेवटी कसे होते ते तू पाहिलं आहेस. ज्या बाटलीवर मी चिठ्ठी लावतो तिच्यात हे आहे, एवढं वाडीत सांग.

उंदरांवर औषध चाललं. आता धडधाकट माणसांवर पाहायची परवानगी मिळाली आहे. पुण्याचे काही विद्यार्थी येऊन गेले. आणखी दहा-बारा माणसं हवीत, तेव्हा मी बाईंना आपल्या वाडीचं नाव सांगितलं. बर्फाच्या पाण्यात हात धरायचा. दुखू लागलं की सांगायचं, सोसवेना की हात काढायचा. मग एक सुई, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. निम्म्यांना सुईतून औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं हे त्या वेळी कोणालाच माहीत नसतं. कोणीही कधीही "मला नको" म्हणून उठू शकतं, ते बाई स्वतः समजावून सांगतील.

चारशे सतरा पुढे गेलं तर मला इथे कायम करतील. पण त्यासाठी म्हणून येऊ नका. यायचं नसेल तर मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी सांगणार नाही.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझा
गेणू


वरची वाडी, कामशेतमार्गे
ता. १९ नोव्हेंबर १९७७

(आत्याबाई सांगतात तसंच लिहिते आहे. कमळा)

गेनू,

तुजं पत्र कमळीनं तीनदा वाचलं. एकदा मला, एकदा कोंडूला, आनि एकदा ओसरीवर समद्यास्नी. कोंडू आता उंदराचं काडत न्हाई. आता म्हनतो, "गेनू मान्सं पाळनार, पिंजरं तेवडं मोठं आनलं पायजेत." माजाच ल्योक, पर त्वांड कुनावर गेलंय कुनाला ठावं.

सांध्याचं समजलं. दाजी एकदा मला केबिनीत घिऊन गेलते. दांड्याला हात लावू दिला न्हवता.

आमी येतो. भाताची झोडनी तेवडी उरकू दे. मी, कोंडू, कान्हूआबा, माज्या जोडीची बाया, आनि खालच्या आळीचं पाच-सा जन. बरफाचं आमाला काय सांगतोस? माघात व्हळाच्या पान्यात भांडी घासनाऱ्या आमी. आनि हितं कुनी दुखतं म्हनून वरडत न्हाई हे तुला ठावं हाय. गोंदून घेताना जी पोरगी "आई गं" म्हनली, तिला जलमभर त्येच नाव. बायाला नातवंडं झाली, तरी ती "आईगं बाया"च हाय. ते नाव मीच पाडलं व्हतं, परकर नेसत व्हते तवा. तिचा राग अजून गेला न्हाई.

दाजीचंबी बघ. इस्पितळात यवडं पडून व्हतं, पर एकदा "दुखतं" म्हनलं न्हाईत. आसली तुजी मान्सं हायेत. डाक्टरबाईला सांग, वाडीचं नाव जाईल आसं कुनी वागनार न्हाई.

गुडघ्याचं काय इचारतोस. गुडघा हाय तितंच हाय.

सावित्रामावशी

ता.क. भाऊजी, मागच्या खेपेला तुम्ही माझं पत्र तांबड्या शाईने चुका दाखवून परत पाठवलंत. या खेपेला पाठवलंत तर मी पुढचं पत्र लिहून देणार नाही. कमळा


लोणावळा
ता. २१ डिसेंबर १९७७

सावित्रामावशीस,

तुम्ही सगळे नीट पोचलात हे कामशेतच्या एकाकडून कळलं. परवा तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा मी खिडकीत होतो. धुतलेली पागोटी, बायकांची लुगडी नेटकी, कोणाची घाई नाही. कान्हूआबांनी डॉक्टरबाईंना पहिला प्रश्न विचारला तो, "बाई, जेवला का?" इथे असं त्यांना कोणी विचारत नाही. त्या गोंधळल्या आणि मग हसल्या. मला फार बरं वाटलं.

आणि पुढे जे झालं ते तर सगळा बंगला बोलतो आहे. तुमच्यापैकी एकानेही "दुखतं" म्हटलं नाही. ठरलेली वेळ संपल्यावर आम्हालाच तुमचे हात पाण्यातून उचलावे लागले. कान्हूआबांनी एक हात बर्फात ठेवून दुसऱ्याने तंबाखू मागितली. बर्फवाला भुशातून लादी काढता काढता थांबला आणि बघत उभा राहिला. मी दारात होतो. माझी छाती एवढी फुगली होती की सदऱ्याचं वरचं बटण तुटलं. खरंच तुटलं.

संध्याकाळी बाई कागदावर, कोणाला किती वेळाने दुखलं त्याच्या रेघा काढत बसल्या होत्या. त्यांनी मला बोलावलं. ज्यांना औषध मिळालं त्यांनी सांगितलं, दुखलं नाही. ज्यांना मिठाचं पाणी मिळालं त्यांनीही सांगितलं, दुखलं नाही. आणि सुई देण्याआधीही सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या होत्या. बाई रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "गेणू, ज्याला दुखतच नाही त्याचं दुखणं मी कसं थांबवू?"

हे सगळं बाद धरावं लागणार आहे. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मावशी, एवढंच कळव. खरंच दुखलं नाही का?

गेणू


वरची वाडी
ता. ३० डिसेंबर १९७७

गेनू,

दुखलं. न दुखायला आमी काय दगूड हाय का? हाडात सळई घातल्यागत दुखलं. कान्हूआबाची बोटं घरी येस्तवर सरळ झाली न्हवती. पर म्होरं कोट घातल्याली मान्सं बसल्याली. पुन्याच्या पोरांनी लगी हात काडलं, हे दारात उबं ऱ्हाऊन तूच सांगितलंस. मंग आमी काडायचा व्हय? मी गाडीतच समद्यास्नी बजावलं व्हतं, गेनूची मान खाली जाता कामा नये.

आता तू म्हनतोस तेच चुकलं. सोसलं तरी वंगाळ, न्हाई सोसलं तरी वंगाळ. मंग आमी करावं तरी काय?

सावित्रामावशी


लोणावळा
ता. ४ जानेवारी १९७८

सावित्रामावशीस,

चूक माझी आहे. विद्यार्थ्यांचं मी बोलायलाच नको होतं. बाईंनी मला त्या खोलीच्या आसपास यायला मनाई केली आहे. नात्याची माणसं आत असताना नात्याचा माणूस दारात नको, म्हणाल्या. ते रास्त आहे.

बाबा एकदाही "दुखतं" म्हणाले नाहीत, असं तू लिहिलं होतंस. मीही इथे सगळ्यांना हेच सांगतो. पण परवा तुझं पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट आठवली, ती तुलाच लिहावीशी वाटते. तिथली नर्स रोज औषधांची गाडी ढकलत यायची. बाबांना विचारायची, "काका, दुखतंय का?" बाबा म्हणायचे, "न्हाई." मग ती पुढच्या खाटेकडे जायची. पुढच्या खाटेवरचा माणूस रडायचा. त्याला सुई मिळायची. मी बाबांच्या पायाशी बसलेला असायचो आणि मनात म्हणायचो, बघा, हे माझे बाबा.

मावशी, त्यांना दुखत होतं. ते मुठी चादरीखाली ठेवायचे.

बाई पुन्हा एकदा करून बघायला तयार आहेत. या वेळी एकेकालाच आत घेतील. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण आलात तर दुखलं की दुखलं म्हणा. नाही तर चारशे सतरा इथेच थांबेल, आणि ते चांगलं होतं की वाईट हे कोणाला कधी कळणार नाही.

गेणू


वरची वाडी
ता. २४ जानेवारी १९७८

गेनू,

तू उंदरांच्या खोलीत बसला व्हतास, म्हनून आत काय झालं ते सांगते.

तुजं पत्र मी कमळीकडनं दोनदा वाचून घेतलं. मुठीचं मलाबी ठावं व्हतं. चादर मीच बदलायची. कडंला दोन्ही अंगाला चुरगळल्याली आसायची.

मंग समद्यास्नी ओसरीवर बोलावलं. म्हनलं, या बारीला दुखलं की वरडायचं. कोंडू म्हनला, "पैलं कोन वरडनार?" कान्हूआबा म्हनला, "म्या न्हाई. घरात सुना हायेत." बाया कोपऱ्यात बसली व्हती. ती म्हनली, "माजं काय, माजं नाव तर कवाच पडलंय. पर सावित्रे, आदी तू वरडायचं. तू वरडलीस तरच मी."

लोनावळ्याला समदी व्हरांड्यात बसली आनि मला पैलं आत घेतलं. दार लावलं. बाईनं माजा हात पान्यात ठिवला. म्हनली, "दुखायला लागलं की सांगा हं, मावशी." लगी दुखाया लागलं. बोलाया गेले, तर त्वांडच उगडंना. जलमाची सवं हाय, गेनू. इंचू चावला तवाबी मी हूं का चूं केलं न्हवतं. बाई आपली वाट बघतिया. म्या डोळं झाकलं, तर दाजीची चादर दिसली.

मंग जी वरडले, "आई गं, दुखतंय गं," बाईच्या हातातलं घड्याळ खाली पडलं. पैली बारी पुन्यांदा करावी लागली.

भाईर बाया हसाया लागली. हसता हसता दाराभाईरून म्हनती, "आईगं सावित्रा. आता फिटलं." कोंडू सांगत व्हता, तिच्या डोळ्यात पानी आलं व्हतं.

त्याच्यामागनं समदी बोलली. कान्हूआबा तर हात पान्यात जायच्या आदीच "दुखतं" म्हनला. बाईनं त्याला समजावून परत बशिवला. आनि एक सांगते, म्या वरडले ते नाटाक न्हवतं. मागच्या खेपेलाबी तेवडंच दुखत व्हतं.

वाडीत आता मला आईगं सावित्राच म्हनत्यात. बारकी पोरंबी.

सावित्रामावशी


लोणावळा
ता. ९ फेब्रुवारी १९७८

सावित्रामावशीस,

तुझी हाक मला उंदरांच्या खोलीत ऐकू आली होती. खाण्याचं डबडं हातातून पडलं आणि सगळे उंदीर पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात जाऊन बसले. मला वाटलं, काही भलतंच झालं. मग बाया मावशीचं हसू ऐकलं आणि जिवात जीव आला.

आता नीट ऐक. काल बाईंनी रेघा काढल्या. मिठाच्या पाण्याची रेघ होती तिथेच राहिली. औषधाची रेघ वर गेली, सरळ वर. ज्यांना चारशे सतरा मिळालं त्यांना कमी दुखलं, आणि त्यांचा श्वास एकदाही मंदावला नाही. एकच दांडा ओढला गेला, मावशी. बाईंनी दोन्ही रेघा फळ्यावर मोठ्या काढल्या. मग त्यांनी मला उंदरांच्या खोलीतून बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "बघ."

मुंबईहून मोठे साहेब आले होते. त्यांनी विचारलं, "ही माणसं कुठली?" बाई म्हणाल्या, "गेणूच्या वाडीची." वाडीचं नाव नाही, "गेणूच्या वाडीची". मी पेढ्यांचं ताट धरून उभा होतो, ते हलू नये म्हणून भिंतीला टेकलो.

माझा कायम करण्याचा कागद पुढच्या महिन्यात टाइप होईल. कच्चा कागद मी पाहिला. नावातला ण बरोबर आहे.

मला इतका अभिमान आजवर कशाचा वाटला नव्हता. वाडीत प्रत्येकाला हे वहिनींकडून वाचून दाखव. कान्हूआबांना दोनदा.

तुझा गुडघा कसा आहे?

गेणू


वरची वाडी
ता. १७ फेब्रुवारी १९७८

गेनू,

लय बरं झालं. समद्यास्नी वाचून दावलं. सुखी ऱ्हा. गुडघा बरा हाय.

सावित्रामावशी

भाऊजी, आत्याबाईंनी एवढंच सांगितलं. त्या गोठ्यात गेल्या आहेत म्हणून हे मागच्या बाजूला मी माझं लिहिते. तुम्हाला कळवायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मला ते पटत नाही.

दुसऱ्या खेपेला लोणावळ्याहून परत येताना आत्याबाई चढावर खाली बसल्या. आपलं घर वरून दिसत होतं. त्यांनी विचारलं, "हे घर कुनाचं?" त्या विसरल्या नव्हत्या. आपलंच आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण म्हणाल्या, "आपलं वाटंना." घरी आल्यावर उंबऱ्याच्या आत येईनात. अंगणातच बसून राहिल्या. वासरू हात चाटायला आलं तर त्याला दूर लोटलं, आणि ते त्यांचं किती लाडकं आहे हे तुम्ही जाणता. तुमचे भाऊ म्हणाले की स्वतःचेच हात लांबून बघावेत तसं वाटत होतं, आणि काही कारण नसताना आतून उदास. कान्हूआबा फार वर्षांपूर्वी विकलेल्या बैलासाठी रडले. बाया मावशीला आणि इतरांना काहीच झालं नाही. पहिल्या खेपेनंतरही खालच्या आळीच्या दोघांना असंच झालं होतं, ते प्रवासाच्या थकव्यावर गेलं. सकाळपर्यंत सगळे पहिल्यासारखे झाले.

बाईंनी त्या दिवशी विचारलं ते दुखण्याचं. हे काही दुखणं नव्हे, म्हणून कोणी बोललं नाही. आणि तुमचा कागद व्हायचा आहे, हेही सगळ्यांच्या मनात होतंच.

आता सांगतेच आहे तर हेही सांगते. आत्याबाईंचा गुडघा बरा नाही. पाण्याला जाताना काठी घेतात आणि घर जवळ आलं की ती कुंपणात लपवून ठेवतात.

रागावलात तरी चालेल.

कमळा


लोणावळा
ता. ८ मार्च १९७८

सावित्रामावशीस,

हे वाचून झाल्यावर कमळावहिनींना बोलू नकोस. त्यांनी मला सगळं कळवलं आहे, आणि बरं केलं.

उत्तराला उशीर झाला. वहिनींचं पत्र मी खिशात घेऊन फिरत होतो. बाटल्यांवर "चारशे सतरा" लिहिताना हात थांबायचा. मनात म्हणायचो, हे दुखणं नव्हे, आणि सकाळी तर सगळे बरे झाले. मग पुढचं डोळ्यासमोर यायचं. हे औषध पुढे ज्यांना मिळेल ती माणसं आजारी असतील, घरापासून लांब खाटेवर पडलेली. त्यांचं दुखायचं थांबेल, पण भेटायला आलेली मुलं त्यांना परकी वाटतील. नर्स येईल, विचारील, "दुखतंय का?" ते खरं तेच सांगतील, "नाही." आणि ती पुढच्या खाटेकडे जाईल.

काल बाईंना सांगितलं. त्यांनी त्या दिवसाची वही काढून पाहिली. मग म्हणाल्या, "मी दुखण्याचंच विचारलं. माझ्या डोक्यात तेवढंच होतं." मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

येत्या रविवारी त्या वाडीवर येत आहेत. जे झालं ते जसंच्या तसं सांग. माझ्या कागदाचा विचार करू नकोस. तू माझ्यासाठी सोसशील हे मला माहीत आहे. या खेपेला नको.

गेणू


वरची वाडी
ता. १५ मार्च १९७८

गेनू,

कमळीला मी काय बी बोलले न्हाई. एक दिस नुसतं बोलले न्हाई, यवडंच.

बाई आली. चप्पल हातात घिऊन चढ चडली, आनि आल्या आल्या कान्हूआबालाच इचारलं, "आबा, जेवला का?" आबा लय खूश झाला. ओसरीवर बसली, नाचनीची भाकर खाल्ली, आनि मंग एकेकाला परसात नेऊन इचारलं.

मला इचारलं तवा म्या म्हनलं, "बाई, ते पैलं सोपं व्हतं. दुखतं म्हनलं की झालं. ह्याला तर नावच न्हाई." ती म्हनली, "नाव नसू द्या. कसं वाटत होतं ते सांगा." म्या लय इचार केला. मंग म्हनलं, "घर घरासारकं वाटंना." तिनं वही उगडली. म्हनली, "परत एकदा म्हणा." आनि माजं बोलनं जसंच्या तसं लिवून घेतलं.

कान्हूआबानं बैलाचं सांगितलं आनि सांगता सांगता पुन्यांदा रडला. कोंडू म्हनला, "आबा, आता तर सुईबी न्हाई." बाईला हसू आवरंना.

जाताना उतार बघून ती कमळीला म्हनली, काठी मिळंल का? तर तुज्या वयनीनं सरळ कुंपनात हात घातला आनि माजी काठी काडून तिला दिली. माज्या डोळ्यादेकत. काठी गेली लोनावळ्याला.

सावित्रामावशी


लोणावळा
ता. १० एप्रिल १९७८

सावित्रामावशीस,

चारशे सतरा थांबवलं.

बाईंनी पुण्याच्या विद्यार्थ्यांनाही पुन्हा बोलावून विचारलं. त्यांतल्या काहींना तसंच झालं होतं. परीक्षेच्या काळजीने असेल, असं समजून ते गप्प बसले होते. बाईंनी मला फळ्यावर काढून दाखवलं. औषधाने दांडा एकच ओढला, ते खरंच आहे. पण त्याच दांड्याला खालून आणखी एक तार बांधलेली होती आणि ती कुठे जाते ते कोणाला माहीत नव्हतं. आता माहीत झालं. जगात इतरत्रही लोक हेच शोधत असतील, म्हणाल्या, त्यांनाही कळवायला हवं. मी विचारलं, इतकी वर्षं फुकट गेली का? तर म्हणाल्या, "मूठभर माणसांत कळलं, गेणू. घरोघरी गेल्यावर कळलं असतं तर?"

माझा कागद टाइप झाला नाही. मी आधी होतो तसाच आहे. उंदरांना खायला लागतंच. बाईंनी दुसरं औषध हातात घेतलं आहे, त्याचा क्रमांक चारशे एकतीस. त्याच्या चिठ्ठ्या मी कालच लिहिल्या.

आता मुख्य गोष्ट. सुई दिल्यानंतर प्रत्येक माणसाला विचारायचे प्रश्न एका तक्त्यावर असतात. पहिला प्रश्न, "दुखतं का?" त्याखाली बाईंनी दुसरा घातला आहे, "घर घरासारखं वाटतं का?" मुंबईचे साहेब म्हणाले, जरा शास्त्रीय भाषेत लिहा. बाई म्हणाल्या, नाही, हाच राहील. मग तो तक्ता मला मोठ्या अक्षरात लिहायला सांगितला. मी तीन कागद वाया घालवले. चौथा भिंतीवर लागला आहे. इथे येईल त्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारतील, मावशी. तो तुझा आहे. मी दिवसातून अनेकदा त्या भिंतीवरून जातो, काम नसलं तरी.

एक काठी बाईंच्या टेबलाला टेकून उभी आहे. कोणाची ती, परत द्यायची आहे, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, विचारून सांगतो.

गेणू


वरची वाडी
ता. १८ एप्रिल १९७८

गेनू,

पत्र वाचलं. कान्हूआबा कामशेतच्या बाजारात सांगत फिरतो, औशद आमी बंद पाडलं. जसा काय गड घेतला. म्या म्हनलं, आबा, औशद चांगलं निगालं आसतं तर मला जास्त आवडलं आसतं. दाजीसारकं कुनी तरी सुकानं झोपलं आसतं. मंग आबा म्हनला, "व्हय, पर खरं तर आपुनच सांगितलं." ते मातर हाय. माजी बी मान ताठ झालिया, खोटं कशाला बोलू.

भितीवरचा तक्ता मला बघायचा हाय. वाचता येत न्हाई, पर कुटली वळ माजी ते तू बोट ठिवून दाव.

तुज्या कागदाचं मला लय वाईट वाटलं. तुला वाटलं का ते तू लिवलं न्हाईस. वाटलं आसंल तर लिव. लपवायचं काय कारन न्हाई, आता आपल्या घरात ते बंद झालंय.

बायानं मला गोंदनाचं माफ केलं. म्हनती, आता दोगी सारक्या.

आनि बाईला सांग, काठी माजी हाय. गुडघा दुखतो. दोन सालापास्नं दुखतो. कमळीनं लिवताना मान वर करून बगितलं, म्हनून तिला परत लिवायला लावते. गुडघा दुखतो, लय दुखतो. मंगळवारच्या गाडीनं येते. येताना कोंडूचा खांदा हाय. काठी तितंच ठिव, जाताना समद्यांदेकत हातात घिऊन येईन.

तुजी
आईगं सावित्रा